दुर्गम तांबे खाणीच्या शेअरमध्ये तीस टक्के बचत घालावी का?

प्रश्न, थोडक्यात: वय ५१, व्यवसायाने विद्युत अभियंता. पंचवीस वर्षं ट्रान्सफॉर्मर आणि केबलमध्येच गेली. एक छोटी कंपनी अतिशय दुर्गम भागात तांब्याची खाण विकसित करते आहे. तिचा पूर्वव्यवहार्यता अहवाल (खाण परवडेल का याचा प्राथमिक अंदाज) आला आहे आणि शेअर वर्षभरात दुप्पट झाला आहे. विजेच्या गाड्या, सौर आणि पवन ऊर्जा, नव्या वीजवाहिन्या या सगळ्यांना तांबं लागणारच. म्हणून एकूण बचतीतली ३० टक्के रक्कम या शेअरमध्ये घालून विसरून जावं, असं मनात आहे. मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च चार वर्षांनी सुरू होईल, निवृत्ती नऊ वर्षांनी. हा निर्णय बरोबर ठरेल का?

उत्तर:

तीस टक्के नकोत. तीन टक्के घालायचे असतील तर मी आडवा येणार नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

तांब्याच्या मागणीबद्दल तुमचं-माझं भांडण नाही. पेट्रोलच्या गाडीत वीस-पंचवीस किलो तांबं असतं, विजेच्या गाडीत ऐंशी किलोच्या आसपास. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग हाताळण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे मी शिकवायला नको. पण मागणी वाढत गेली म्हणून भाव सरळ वर चढत गेला, असं तांब्याच्या बाबतीत झालेलं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत टनाला १०,००० डॉलर ओलांडलेलं तांबं २०१६ च्या जानेवारीत ४,५०० च्या खाली आलं. २०२१ च्या मे महिन्यात ते १०,७०० वर गेलं, पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा ७,००० पर्यंत उतरलं आणि २०२४ च्या मेमध्ये ११,००० च्या वर पोचलं. या सगळ्या वर्षांत जगाचा वापर एकंदरीत वाढतच होता. चालू खाण असले खड्डे पोटाला चिमटा काढून पार करते. न बांधलेल्या खाणीला मात्र नेमक्या अशा वेळी कर्ज मिळत नाही, आणि दोन-तीन वर्षं सगळं जागच्या जागी थांबतं.

आता कंपनीकडे बघू. तिच्याकडे आज विकायला एक किलोही तांबं नाही. जमिनीखालचा साठा, एक अहवाल आणि बँकेतली शिल्लक, एवढीच तिची मालमत्ता. शिल्लक संपत आली की ती नवे शेअर काढते. तिला दुसरा मार्गच नसतो, त्यात लबाडी काही नाही. पण तुमच्या हिश्शाचं काय होतं ते पाहा. कंपनीचे आज १० कोटी शेअर आहेत आणि त्यातला एक लाख तुमचा आहे, असं धरा. म्हणजे हिस्सा ०.१ टक्का. बोअर मारायला, पर्यावरण अभ्यासाला, अंतिम अहवालाला असं चार वेळा प्रत्येकी २५ टक्के नवे शेअर काढले, की एकूण शेअर होतात २४.४ कोटी. मग बांधकामाच्या खर्चातला आपला वाटा उभा करायला संख्या आणखी दुप्पट झाली, तर जवळपास ४९ कोटी. तुमच्याकडे अजूनही तोच एक लाख, पण हिस्सा आता ०.०२ टक्का. कंपनीचं एकूण मूल्य जवळपास पाचपट झालं, तर तुमचा शेअर जिथे होता तिथेच. हा आकडा मी मुद्दाम भयंकर करून दाखवत नाहीये. या धंद्यात असं सर्रास होतं.

मंगोलियातल्या गोबी वाळवंटातली ओयू तोल्गोई ही खाण मी अशा प्रत्येक प्रश्नकर्त्याला सांगतो, कारण तिथे खाण अपयशी ठरली नाही. २००१ मध्ये साठा सापडला, २०१३ मध्ये उघड्या खाणीतून माल निघू लागला, २०२३ च्या मार्चमध्ये भूमिगत भागही सुरू झाला. आज ती जगातल्या मोठ्या तांबे खाणींत गणली जाते. २०११ च्या सुरुवातीला ज्याने तिच्या मूळ कंपनीचा, तेव्हाच्या आयव्हॅनहो माइन्सचा, शेअर घेतला त्याने वीस कॅनेडियन डॉलरहून जास्त मोजले. पुढे कंपनीचं नाव टर्क्वॉइज हिल झालं. हक्कभाग, म्हणजे जुन्या भागधारकांना आधी देऊ केलेले नवे शेअर, विकून नवं भांडवल उभं केलं गेलं. भूमिगत भागाचा खर्च ५.३ अब्ज डॉलरवरून सुमारे ७ अब्जांवर गेला. २०२० मध्ये दहा जुन्या शेअरचा एक नवा शेअर झाला. २०२२ च्या डिसेंबरात रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीने उरलेल्या भागधारकांना एका नव्या शेअरमागे ४३ कॅनेडियन डॉलर देऊन सगळी कंपनी घेतली. जुन्या हिशेबात ते ४ डॉलर ३० सेंट. साठा खरा निघाला, तांब्याबद्दलचा अंदाज खरा ठरला, खाणही उभी राहिली. आणि अकरा वर्षं थांबलेल्या माणसाच्या हातात वीसाचे चार पडले.

‘घालून विसरून जावं’ हे तुमचं वाक्य मला म्हणूनच खटकलं. मुदत ठेव विसरता येते. हक्कभागाचं पत्र आलं की एकतर आणखी पैसे भरायचे, नाहीतर हिस्सा पातळ होऊ द्यायचा. इथे विसरणाराच सगळ्यात जास्त किंमत मोजतो.

दुर्गमपणाबद्दल तुमच्या पत्रात एकच शब्द आहे, ‘अतिदुर्गम’, आणि माझ्या मते खरा खर्च त्या एका शब्दात आहे. तुमच्या कंपनीच्या साठ्यात ०.६ टक्के तांबं आहे असं समजा. प्रक्रियेत १० टक्के वाया जातं, म्हणजे एक टन तांब्यासाठी साधारण १८५ टन दगड फोडून दळायचा. त्यातून जे निघतं ते शुद्ध तांबं नव्हे. २५ ते ३० टक्के तांबं असलेली ओलसर काळपट भुकटी निघते, तिला कॉन्सन्ट्रेट म्हणतात, आणि तीच भट्टीकडे पाठवायची असते. वर्षाला ५०,००० टन तांबं काढणाऱ्या मध्यम खाणीतून, ओलावा धरून, सुमारे दोन लाख टन भुकटी बाहेर न्यावी लागते. चाळीस टनी ट्रकच्या पाच हजार फेऱ्या. रोज चौदा ट्रक, पावसात, बर्फात, सणावाराला. परतताना त्यांतून डिझेल, चुना, दळणाचे पोलादी गोळे, टायर आणि माणसांचं खाणंपिणं येणार. रस्ता नसेल तर आधी तो बांधायचा. दगड दळायला वीज लागते; ती किती लागते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. वाहिनी किती किलोमीटरवरून येणार आणि तिचा खर्च अहवालात कोणाच्या खात्यावर टाकलाय, हे अहवालात आधी शोधा.

अलास्कात ॲम्बलर भागात १९६० च्या दशकात तांब्याचा उत्तम प्रतीचा साठा सापडला. अजून तिथे खाण नाही, कारण तिथवर पोचायला सुमारे ३४० किलोमीटरचा रस्ता हवा. २०२० मध्ये रस्त्याला परवानगी मिळाली, २०२४ मध्ये नाकारली गेली, २०२५ च्या ऑक्टोबरात नव्या अमेरिकी प्रशासनाने ती पुन्हा दिली आणि तिथल्या ट्रिलजी मेटल्स या छोट्या कंपनीत सरकारने १० टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. शेअर एका दिवसात जवळपास तिप्पट झाला. जमिनीखालचा दगड आदल्या दिवशी होता तोच होता. ही उडी ज्याच्या पदरी पडली त्याचं मी अभिनंदन करीन, पण पुढचा रस्ता कुठल्या सरकारच्या सहीने उघडेल किंवा बंद होईल याचं नियोजन मला जमत नाही, आणि ज्याला जमतं असं सांगणारा भेटला तर मी पाकीट सांभाळतो.

मोठ्यांचंही असंच होतं. चिलीत समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंचावर असलेल्या केब्राडा ब्लांकाच्या विस्तारासाठी समुद्राचं पाणी गोडं करून नळाने वर चढवावं लागलं. ४.७ अब्ज डॉलरचा अंदाज ८.५ अब्जांच्या पुढे गेला. ते काम चालवणाऱ्या टेक रिसोर्सेस या खाण कंपनीच्या इतर खाणी होत्या, म्हणून ती तगली. तुमच्या कंपनीची ही पहिलीच खाण. आणि खाण सुरू झाली म्हणजे सुटलो असंही नाही. पनामातल्या कोब्रे पनामा या धडधडत चाललेल्या खाणीचा करार २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. काम थांबलं आणि मालक कंपनीचा शेअर काही आठवड्यांत निम्म्याच्याही खाली आला.

पूर्वव्यवहार्यता अहवालातले खर्चाचे आकडे साधारण २०-२५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, हे गृहीत धरूनच मांडलेले असतात. पहिल्या पानावरचा ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ (पुढच्या सगळ्या कमाईची आजची किंमत) हा मोठ्ठा आकडा सोडून द्या आणि मागे जाऊन संवेदनशीलता तक्ता काढा; भाव किंवा खर्च बदलला तर काय होतं ते त्यात असतं. तांब्याचा भाव १५ टक्के कमी आणि बांधकामाचा खर्च २५ टक्के जास्त, असं एकाच वेळी धरलं तर काय उरतं? बहुतेक तक्ते एका वेळी एकच गोष्ट हलवतात, म्हणून दोन्हींची बेरीज स्वतः करावी लागते. शिवाय साठ्यापैकी किती भाग ‘अनुमानित’ या सगळ्यात कच्च्या वर्गात आहे ते पाहा. एकमेकांपासून लांब लांब मारलेल्या थोड्या बोअरवरून तो बांधलेला असतो.

शेअर दुप्पट झाला याचा अर्थ मी वेगळा लावतो. साठा सापडला की उत्साहाने भाव चढतो, मग अभ्यास, परवाने आणि भांडवल उभारणीच्या रटाळ वर्षांत तो गळतो, आणि बांधकाम संपत आलं की पुन्हा उठतो. या धंद्यातली मंडळी याला लासॉन्डचा वक्र म्हणतात. तुम्ही बहुधा पहिल्या चढणीच्या माथ्यावर आत शिरताय. उमेदीच्या काळात मीही तिथेच शिरलो होतो. वार्षिक अहवालात हेलिकॉप्टरचे सुंदर फोटो असायचे, ते अजून माझ्याकडे आहेत. शेअर नाहीत.

आता तुमचं कॅलेंडर. साठा सापडल्यापासून उत्पादनापर्यंत जगभरात सरासरी पंधरा वर्षांहून जास्त लागतात. तुमची कंपनी निम्म्या वाटेवर आहे असं उदारपणे धरलं, तरी पहिला ट्रक निघेल तेव्हा मुलीचं शिक्षण संपलेलं असेल आणि तुमची निवृत्ती दारात असेल. एक वर्षाचा उशीर कंपनीसाठी प्रसिद्धीपत्रकातली एक ओळ असते. तुमच्यासाठी ते फीचं एक वर्ष असतं.

माझी मांडणी अशी. शिक्षणाचा पैसा या चर्चेतून आजच बाहेर काढा आणि मुदतीशी जुळणाऱ्या सुरक्षित ठेवींत टाका. तांब्यावर विश्वास आहे ना, मग उरलेल्या बचतीतली पाच-सात टक्के रक्कम अनेक देशांत चालू खाणी असलेल्या उत्पादकांत किंवा त्यांच्या निधीत घाला. तिथे भाव चढला तर नफा त्याच वर्षी दिसतो. या छोट्या कंपनीत तीन टक्के, तेही एकदम नको. एक टक्का आता, उरलेले दोन परवाने आणि कर्ज दोन्ही हातात आल्यावर. तेव्हा शेअर महाग असेल. महाग घ्या. मधल्या काळात भाव पडला म्हणून आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी किंमत खाली आणायला जाऊ नका, आणि यासाठी कर्ज तर कुठल्याही परिस्थितीत नको.

पहिला एक टक्का घालण्याआधी मला दोन आकडे कळवा: ताज्या तिमाही ताळेबंदातली रोख शिल्लक आणि त्या तिमाहीचा एकूण खर्च. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर तीनपेक्षा कमी आलं, तर नव्या शेअरची घोषणा वर्षाच्या आतच आहे. ते शेअर बहुधा बाजारभावापेक्षा स्वस्तात निघतात आणि भावही त्यांच्यामागे खाली येतो. तोवर खरेदी थांबवा.