जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून रोजच्या कामासाठी लिनक्स टाकलं तर जमेल का?

तुमचा लॅपटॉप विंडोज १० वर आहे आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही. काम म्हणजे ब्राउझर, वर्ड-एक्सेलच्या फाइली, मराठी टायपिंग आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. हे सगळं लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर, रोज, न अडखळता होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. पण लिनक्स आज टाकू नका. आधी विंडोजवर असतानाच सॉफ्टवेअर बदला आणि ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी बदला.

लिनक्स टाकून महिन्याभरात परत फिरलेले बरेच जण मी पाहिलेत. त्यांच्या तक्रारी ऐकल्या की लक्षात येतं, त्रास झाला तो एकाच दिवशी सगळं बदलल्यामुळे. ऑफिस नवीन, मेल नवीन, टायपिंगची पद्धत नवीन, आणि खापर फुटलं लिनक्सवर. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (मेल), व्हीएलसी (व्हिडिओ), गिंप (फोटोंचं काम) ही सगळी सॉफ्टवेअर विंडोजवरही फुकट चालतात. ती आजच टाका आणि तीन-चार आठवडे नेटाने फक्त तीच वापरा. कुठे अडलं ते लिहून ठेवा. एवढ्यात निभावलं, तर लिनक्सवर गेल्यावर तुम्हाला नवीन वाटेल तो फक्त मेन्यू आणि सेटिंगचा भाग, आणि तो दोन दिवसांत हाताखाली येतो.

या काळात एखादं सॉफ्टवेअर सुटतच नाही असं दिसलं, तर तिथेच थांबून विचार करा. फोटोशॉप आणि ऑटोकॅड लिनक्ससाठी येत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ब्राउझरमध्ये चालतं, पण लॅपटॉपवर बसवायचं ऑफिस लिनक्ससाठी नाही. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवतोय आणि त्याचं काम खरोखर थोर आहे, तरी ज्यावर तुमची नोकरी अवलंबून आहे असं सॉफ्टवेअर त्याच्या भरवशावर ठेवावं, असं मी सांगणार नाही.

आता फाइलींचं. लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडली की ओळी सरकतात, पानं वाढतात, ही तक्रार खूप ऐकू येते. पुष्कळदा कारण फॉन्ट असतं. २००७ पासून बरीच वर्षं वर्डमध्ये आपोआप येणारा फॉन्ट कॅलिब्री होता. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा, म्हणून लिनक्ससोबत येत नाही. त्याच्याऐवजी कार्लिटो नावाचा मुक्त फॉन्ट आहे. त्यातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलीय, त्यामुळे ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. कॅम्ब्रियासाठी तसाच कॅलाडिया आहे, आणि एरियल व टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फॉन्ट. हे फॉन्ट आहेत की नाहीत ते पहिल्याच दिवशी बघा, नसतील तर टाका. अर्धी कटकट तिथेच मिटते.

मराठीत मात्र असा जोडीचा फॉन्ट सहसा मिळत नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण मंगल वापरला. तोही लिनक्ससोबत येत नाही, आणि त्याच्या जागी नोटो किंवा लोहित लागला की ओळींची उंची बदलते. म्हणून विंडोजवर असतानाच तुमच्या महत्त्वाच्या मराठी फाइली नोटो सान्स देवनागरीत करून घ्या. तो फुकट आहे आणि दोन्हीकडे चालतो. श्रीलिपीसारख्या, युनिकोडच्या (म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टमधल्या फाइली असतील, तर त्याही आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या, कारण त्या फॉन्टशिवाय त्यातलं अक्षरही वाचता येणार नाही. आणखी एक गोष्ट मी दरवेळी सांगतो. लिब्रेऑफिसच्या स्टाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि मराठीचा फॉन्ट ठरवायच्या जागा वेगवेगळ्या आहेत. मराठीची जागा ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाखाली असते आणि पर्यायांमधल्या भाषांच्या भागात ती चालू करावी लागते. स्टाइलमध्ये आकार १४ केला तरी मराठी मजकूर आहे तेवढाच राहतो, असं दिसलं तर पहिल्यांदा हे तपासा.

टायपिंगला अडचण नाही. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड, येत असेल तर कीबोर्डमध्ये मराठी निवडा, झालं. ‘namaskar’ छाप टायपिंगची सवय असेल, म्हणजे रोमन अक्षरांतून, तर आयबस (टायपिंगची भाषा बदलून देणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाका. त्यात मराठीसाठी फोनेटिक आणि आयट्रान्स या रोमन टायपिंगच्या दोन्ही पद्धती आहेत. फोनसारखे शब्द सुचवणं त्यात नाही, नियम पक्के असतात, आयट्रान्समध्ये ण आणि ळ साठी कॅपिटल अक्षर दाबावं लागतं. बोटांना वळण लागलं की मला तरी हेच जास्त भरवशाचं वाटतं.

सॉफ्टवेअरचं जमलं की लॅपटॉपची परीक्षा घ्या, आणि तीही काही न पुसता. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलमध्ये) उतरवून घ्या, रूफस किंवा बालेनाएचर या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बूटेबल करा, म्हणजे लॅपटॉप त्यावरून सुरू होईल अशी टाका, आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता पूर्ण लिनक्स समोर येतं. पेनड्राइव्हवरून ते हळू चालणारच, वेगावरून मत बनवू नका. वाय-फाय लागतं का, ब्राउझरमधून कोणाला तरी खरा व्हिडिओ कॉल करून आवाज, माइक आणि कॅमेरा चालतात का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, प्रिंटर सापडतो का, हे बघा. आणि झाकण बंद करून पाच मिनिटांनी उघडा. झोपलेला लॅपटॉप नीट उठला नाही तर रोजच्या वापरात तेच सर्वांत जास्त छळतं, आणि नेमकं तेच तपासायचं लोक विसरतात. बोटाच्या ठशाने उघडणं अनेक लॅपटॉपांवर चालत नाही, ते गृहीतच धरा.

लिनक्स मिंट का, तर विंडोजवरून येणाऱ्याला मेन्यू, टास्कबार सगळं ओळखीच्या जागी सापडतं. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅमवर ते चालतं, पण ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडत असाल तर ८ जीबी हवीच. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा. वेगात जो फरक पडेल तो कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमने पडणार नाही.

प्रत्यक्ष टाकण्याआधी दोन कामं टाळू नका. सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइली उघडून बघा. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन. बऱ्याच लॅपटॉपांवर मालकाला पत्ता नसताना डिस्क कुलूपबंद असते, आणि बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते का ते आधी बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.

सुरुवातीला विंडोज पुसू नका, दोन्ही ठेवा. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ६०-७० जीबी जागा मोकळी करा आणि लिनक्स तिथे टाका. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून वाचता येतात पण त्यात काही लिहिता येत नाही. दोन्हींमध्ये ये-जा करताना घड्याळ काही तास पुढेमागे झालं तर घाबरू नका. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ, म्हणून तो गोंधळ होतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं.

टाकल्यावर पहिलं काम म्हणजे मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू करणं. एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर त्याने सिस्टिम कालच्या स्थितीला परत नेता येते. तुमच्या फाइली मात्र ते सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच. सॉफ्टवेअर शक्यतो सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. टर्मिनलशिवाय, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीशिवाय, रोजचं काम भागतं, आणि कुठूनतरी उचललेली आज्ञा, तिचा अर्थ कळल्याशिवाय, टर्मिनलमध्ये चिकटवू नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे हे काम फार लांबवू नका. पण लॅपटॉप चांगला चालत असताना केवळ विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो म्हणून तो भंगारात काढणं मला मनापासून चुकीचं वाटतं. महिनाभर विंडोजकडे वळावंच लागलं नाही, की त्याचं पार्टिशन (डिस्कवरचा विंडोजचा भाग) खुशाल काढून टाका.