फावडेवाला हीरो

प्रश्न : ‘मिस्टरी मेन’ या चित्रपटात फावडं घेऊन लढणारा हीरो मूळ कॉमिकमधलाच का? – एक वाचक, मिरज

उत्तर : अगदी तिथलाच! बॉब बर्डन यांच्या ‘फ्लेमिंग कॅरट कॉमिक्स’मधला. त्या कॉमिकचा खरा नायक मात्र डोक्यावर हे भलंमोठं गाजर चढवून हिंडतो, वर पेटती ज्योत. १९९९च्या चित्रपटात नेमका तोच गायब. गाजराला नट मिळाला नसावा!
फावडेवाला झालेत विल्यम मेसी. चेहरा असा गंभीर, की हसू आवरत नाही. पण माझा लाडका ब्लू राजा, याच चित्रपटातला दुसरा हीरो. जेवणाचे काटे फेकेल, सुरी कदापि नाही. तेही आईचे चांदीचे काटे ढापून! आमच्या व्हीसीडीची दुसरी तबकडी तिथंच अडकायची. तिकडे हा चित्रपट तिकीटबारीवर साफ आपटला. मी अजून बघतो.