बीटामॅक्सच्या कॅसेटमधले नाटक

प्रश्न : माझे वडील १९८०च्या दशकात कुवेतला नोकरीस होते. सुट्टीवर येताना त्यांनी सोनीचा बीटामॅक्स व्हीसीआर (कॅसेटच्या फितीवर चित्रण नोंदवणारे व दाखवणारे यंत्र) आणि त्याच कंपनीचा खांद्यावर धरायचा बीटामूव्ही कॅमेरा आणला होता. आमच्या गावच्या जत्रेत झालेले संगीत नाटक त्यांनी त्यावर चित्रित केले. त्यात माझ्या काकांची भूमिका आहे. ती कॅसेट आता कपाटात सापडली असून तिच्यावर ‘एल-७५०’ असे छापलेले आहे. व्हीसीआर माळ्यावर आहे आणि वीज दिल्यावर त्याचा दिवा लागतो. त्यातच कॅसेट लावून पाहावी का? दुकानदार ‘ही व्हीएचएस (बीटामॅक्सची प्रतिस्पर्धी कॅसेट) नव्हे’ म्हणून परत पाठवतात. बीटामॅक्स इतके सरस होते, तर ते मागे का पडले?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कॅसेट त्या यंत्रात अजिबात घालू नका. दिवा लागला म्हणजे यंत्र चालते असे होत नाही. आतील रबरी पट्टे इतक्या वर्षांत कडक किंवा चिकट झालेले असतात. शिवाय बीटामॅक्सची एक खास अडचण आहे. कॅसेट आत ढकलताच, ‘प्ले’चे बटण दाबण्यापूर्वीच, यंत्र फीत बाहेर ओढून, फीत वाचणारे हेड ज्यावर बसवलेले असते त्या फिरत्या ड्रमभोवती गुंडाळते आणि पुढे-मागे गुंडाळतानाही ती तिथेच राहते. आपल्याकडचे चार पावसाळी महिने सोसलेली दमट फीत ड्रमला चिकटली, तर पहिल्याच मिनिटाला चुरगळते. केवळ रिवाइंड करून बघू, असे म्हणण्याची सोयही येथे नाही.

आधी कॅसेटच्या खिडकीतून, उजेडाकडे धरून, फितीच्या गुंडाळीची कड पाहा. ती काळसर आणि एकसारखी असावी. पांढरी भुकटी किंवा धाग्यांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट इतरांपासून वेगळी ठेवावी, कारण एकदा यंत्राच्या हेडवर गेलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. चवथीआधी घरातली गाद्या-पांघरुणे उन्हात घालतात तशी ती उन्हात घालण्याचा मोह आवरावा. उष्णतेने फीत वाकडी होते. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात उभी ठेवून, फीत साफ करण्याची सवय असलेल्या माणसाकडे ती सोपवावी.

कोणी असेही सुचवील की दोन्ही फिती १२.७ मिलिमीटर रुंदीच्याच असल्यामुळे ही फीत काढून व्हीएचएसच्या डबीत भरावी. तसे करू नये. रुंदी सारखी असली तरी फितीवरच्या चित्ररेषांची मांडणी आणि फितीचा वेग वेगळा आहे, त्यामुळे पडद्यावर काहीही उमटणार नाही.

‘एल-७५०’ म्हणजे ७५० फूट फीत. आपल्याकडच्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत तिच्यावर सुमारे ३ तास १५ मिनिटे मावतात. बीटामॅक्सवर जेमतेम तासभर चित्रण होई, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट १९७५च्या सुरुवातीच्या जपानी-अमेरिकी यंत्रांची आहे. १९७६मध्ये आलेल्या जेव्हीसी या जपानी कंपनीच्या व्हीएचएसने दोन तास दिले, त्यावर पूर्ण चित्रपट बसला, आणि ते तंत्र जेव्हीसीने अनेक उत्पादकांना वापरू दिल्यामुळे यंत्रे स्वस्त झाली. १९८८मध्ये सोनी स्वतःच व्हीएचएस यंत्रे बनवू लागली. तिने बीटामॅक्सची यंत्रे २००२मध्ये आणि कोऱ्या कॅसेट मार्च २०१६मध्ये बंद केल्या.

सरसपणाबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. बीटामॅक्सचा ड्रम सुमारे ७४.५ मिलिमीटर व्यासाचा, तर व्हीएचएसचा ६२ मिलिमीटरचा. त्यामुळे हेड फितीवरून अधिक वेगाने जाते आणि चित्रात थोडा फायदा होतो. पण पाल बीटामॅक्समध्ये फीत स्वतः सेकंदाला जेमतेम १.८७ सेंटिमीटर सरकते, व्हीएचएसमध्ये २.३४. साधा ध्वनी फितीच्या कडेला लांबीने नोंदला जात असल्यामुळे हा मंद वेग त्याला मारक ठरतो. तुमच्या काकांचा चेहरा अपेक्षेपेक्षा बरा दिसेल. पदे, तंबोरा आणि ऑर्गन मात्र दबल्यासारखे ऐकू येतील. ध्वनी ‘स्वच्छ’ करून देतो म्हणणाऱ्याला मूळ प्रत बदलू देऊ नका. आधी जसे आहे तसे ७२० × ५७६ मापात, सेकंदाला २५ चौकटी आणि एकाआड एक रेषा कायम ठेवून, उतरवून घ्या. डीव्ही या डिजिटल पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे संपूर्ण कॅसेटला ४२ जीबीच्या आसपास. सुधारणा करायच्या त्या दुसऱ्या प्रतीवर.

बीटामूव्ही टाकू नका, पण त्यात कॅसेट लावण्याचा विचारही नको. तो कॅमेरा फक्त चित्रण करी. केलेले चित्रण दाखवण्याची सोय त्यात नव्हती. वडिलांना नाटक कसे टिपले गेले हे घरी येऊन व्हीसीआरला कॅसेट लावल्यावरच कळले असणार.

प्रश्न : माझ्याकडे मुंजीची बीटामॅक्स कॅसेट आहे. चित्रीकरणाच्या व्यवसायातील एका गृहस्थांकडे ‘बीटा’ यंत्र आहे असे कळले. त्यावर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुधा नाही. व्यावसायिक मंडळी ‘बीटा’ म्हणतात ते १९८२मध्ये आलेले बीटाकॅम असते. त्याची लहान कॅसेट दिसायला तुमच्या कॅसेटसारखीच असते आणि तुमची कॅसेट त्या यंत्रात बसतेही. घोटाळा तिथेच होतो. बीटाकॅममध्ये फीत पाचपटींहून अधिक वेगाने धावते आणि उजेड व रंग वेगवेगळ्या रेषांवर नोंदले जातात. जाण्यापूर्वी फोनवर यंत्राचा क्रमांक विचारा. सोनीच्या घरगुती बीटामॅक्स यंत्रांचे क्रमांक ‘एसएल’ या अक्षरांनी सुरू होतात; ‘बीव्हीडब्ल्यू’, ‘पीव्हीडब्ल्यू’ किंवा ‘यूव्हीडब्ल्यू’ ऐकू आले तर फेरी वाचवा.