‘सीझन संपला की केस टाकतो’ म्हणणाऱ्या लाईटवाल्या दादांना

कराडहून एका लाईटवाल्या दादांचा मेल आलाय. २०२२ च्या नवरात्रात पुण्यात एका मंडळाच्या मोठ्या मैदानावरच्या दांडियाचं लाईट आणि ट्रसचं (लाईट टांगायच्या पाईपांच्या सांगाड्याचं) सगळं काम त्यांनी एका इव्हेंट कंपनीकडून घेतलं, आठ पोरं घेऊन नऊ रात्री उभे राहिले. बिल झालं ६ लाख ४० हजार. अ‍ॅडव्हान्स २ लाख मिळाला, २०२३ च्या दिवाळीत यूपीआयने २५ हजार आले, आणि उरलेले ४ लाख १५ हजार आजपर्यंत नाहीत. पोरांची हजेरी मात्र त्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवून चुकती केली. मेलच्या शेवटी त्यांनी विचारलंय, "आता गणपती आणि नवरात्राची कामं डोक्यावर आहेत, दिवाळीनंतर निवांत केस टाकायची आहे, तर व्याज किती टक्क्यांनी मागता येईल?"

अशा आशयाचे मेल वकील म्हणून मला दरवर्षी याच दिवसांत येतात. साऊंडवाले, मांडववाले, एलईडी वॉलवाले, जनरेटरवाले, सगळ्यांचं एकच, सीझन संपू दे मग बघू. म्हणून नेहमीचं बिल जपा, सही घ्या वगैरे आज सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. आणि दादा, व्याजाचंही नंतर बघू. दिवाळीनंतर तुमची केस बहुतेक उरणारच नाहीये, आधी त्याचं बोलू.

केलेल्या कामाचे पैसे मागायचा दावा तीन वर्षांत टाकावा लागतो. हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय कारण तुम्ही लिहिलंय "बिल २० नोव्हेंबर २०२२ चं आहे म्हणजे नोव्हेंबर २०२५ पर्यंत वेळ आहे". इथेच तुमचं गणित चुकलंय. पैसे कधी द्यायचे याची तारीख ठरलेली नसेल तर मुदत काम पूर्ण झालं त्या दिवसापासून सुरू होते, मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टात कलम १८ ला तसं स्पष्ट लिहिलंय, बिल कधी बनवलं याला तिथे काही अर्थ नाही. तुम्ही बिल दीड महिना उशिरा दिलंत तो तुमचा आळस, त्याने कायद्याचं घड्याळ दीड महिना पुढे जात नाही. शेवटची रात्र होती ४ ऑक्टोबर २०२२, नवमीची. तुम्हीच लिहिलंय की गरबा संपल्यावर पहाटेपर्यंत ट्रस उतरवत होतात, दवाने पाईप निसटत होते, एका पोराचा अंगठा क्लॅम्पमध्ये सापडला आणि दसऱ्याच्या सकाळी टेम्पो भरून निघालात. म्हणजे काम संपलं ५ तारखेला असं मी कोर्टात म्हणेन, समोरचा वकील ४ म्हणेल. त्या एका दिवसावर भांडण्यात मला रस नाही. आपण धरून चालायचं की ४ ऑक्टोबर २०२५ ला सगळं संपतं.

आता कॅलेंडर काढा. आज ऑगस्ट २०२५ चा पहिला आठवडा. २७ ऑगस्टला गणपती बसतात, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, २२ सप्टेंबरला घटस्थापना, २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, ४ ला शनिवार, ५ ला रविवार. म्हणजे तुमची मुदत बरोब्बर तुम्ही कुठल्यातरी मैदानावर ट्रस उतरवत असाल तेव्हा संपणार. कोर्ट बंद असेल तर उघडल्या दिवशी दावा चालतो अशी तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर कुणी राहू नये, निदान माझा पक्षकार तरी नाही.

आणि उशीर झाला तर माफी मागता येईल असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढून टाका. अपिलाला उशीर झाला तर कारण दाखवून माफ होतो, दाव्याला तशी माफीच नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला स्वतःहून तो बघून दावा फेटाळावा लागतो. आजारपण, सीझन, समोरच्याने गोड बोलून झुलवलं, काहीच ऐकलं जात नाही. मी स्वतः एका साऊंडवाल्याचा पूर्ण खरा, कागदांनी भरलेला दावा फक्त अकरा दिवसांसाठी गेलेला पाहिलाय. तो माणूस कोर्टाच्या जिन्यात बसून राहिला होता, माझ्याशी बोललाच नाही.

तुम्ही मेमध्ये वकिलाची नोटीस पाठवली आणि उत्तर आलं नाही म्हणून आता "केस चालू आहे" असं धरून चाललायत. नोटिशीने मुदत थांबत नाही. दहा नोटिसा पाठवा, रजिस्टर एडीने पाठवा, थांबत नाही. पोलिस चौकीत अर्ज दिला म्हणूनही नाही. मुदत थांबते दावा दाखल झाल्यावर, किंवा समोरच्याने मुदत संपायच्या आत लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात.

आता तुमच्याकडे अशी कबुली आहे का? तुम्ही म्हणता कंपनीच्या मालकाने मार्च २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "भाऊ पैसे बुडवणार नाही, मंडळाकडून आले की देतो". हा मेसेज चांगला आहे, खरंच चांगला आहे, इमेल आणि मेसेजला लेखी कबुली धरणारे निकाल आहेत, सहीचा मुद्दा मात्र समोरचा काढणारच, आणि त्यात रकमेचा आकडाही नाहीये. कोर्ट कसं बघेल हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही. त्यापुढचं वाचून तर माझा जीवच गेला, की फोन बदलला, आता फक्त स्क्रीनशॉट आहेत. अहो दादा! ४ लाखांचा कागद तुम्ही एक्स्चेंजमध्ये देऊन आलात का? जुना फोन घरात कुठे खणात पडला असेल तर आजच्या आज शोधा, चार्ज करा, त्यातलं काही पुसू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. कारण असा मेसेज पुराव्यात देताना नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यातला एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर ते धड उभं राहत नाही. बाकी मालकाच्या व्हॉईस नोट्स तुम्ही जपून ठेवल्यात ते ठीक, पुरावा म्हणून ऐकवू, पण बोलणं म्हणजे लेखी कबुली नव्हे. दोन निळ्या टिक म्हणजे तर काहीच नाही.

दिवाळीतल्या २५ हजारांचंही तसंच. काही पैसे दिले तर मुदत नव्याने सुरू होते हे खरं, पण पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने त्याची नोंद हवी. चेक असता तर मी निवांत झोपलो असतो. यूपीआयवर आलेत, त्यातही कंपनीच्या खात्यातून की मालकाच्या बायकोच्या नंबरवरून ते तुम्हीच लिहिलेलं नाही. स्टेटमेंट काढून बघा. हे सगळे मुद्दे मी दाव्यात लिहीन, पण ते जादाचे. त्यांच्या जोरावर ऑक्टोबर उलटू देणं म्हणजे सेफ्टी चेन न लावता नुसत्या क्लॅम्पवर मूव्हिंग हेड (फिरणारा जड लाईट) टांगण्यासारखं आहे, आणि ते तुम्ही कधी केलं नसतंत.

आता अजून एक अडचण, जी तुमच्या आधीच्या वकिलांनी सांगितलेली दिसत नाही आणि मला ऑगस्टमध्येच एवढी घाई का झालीये त्याचं खरं कारण तेच. धंद्यातल्या सेवेच्या कराराचा वाद असेल आणि रक्कम व्याजासकट ३ लाख किंवा वर असेल तर तो कमर्शियल दावा होतो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. न जाता दावा टाकलात तर तो फेटाळला जातो, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे पक्कं केलंय. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा, फी १ हजार रुपये, मग ते समोरच्याला नोटीस काढतात, तो आला नाही तर पुन्हा काढतात, तरी आला नाही तर मध्यस्थी झाली नाही असा रिपोर्ट देतात आणि तो रिपोर्ट लावून दावा दाखल होतो. यात महिना सहज जातो, कधी जास्तही. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात, पण समोरचा आलाच नाही तर नेमके किती दिवस वगळायचे यावर वाद घालायला जागा आहे, आणि मला तुमच्या केसमध्ये वादाला जागाच ठेवायची नाहीये. म्हणून हा अर्ज याच आठवड्यात. गणपती बसायच्या आधी, नंतर नाही. रिपोर्ट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हातात आला तर दावा महिनाअखेरीच्या आत जातो. फायलिंगलाही ऑब्जेक्शन निघतात, पान नंबर नाही, इंडेक्स चुकला, स्टॅम्प कमी, एकेका ऑब्जेक्शनला दोन-दोन दिवस जातात. कोर्टाचं काम ज्या गतीने चालतं त्याचा मला तुमच्याहून जास्त संताप आहे, पण त्या गतीचा फटका मुदतीला बसू द्यायचा नाही एवढं तरी आपल्या हातात आहे.

मधल्या वेळात एक प्रयत्न करा. मालक अजून तुमचा फोन उचलतोय म्हणता, तर भांडू नका, कंपनीच्या लेटरहेडवर दोन ओळी मागा की अमुक बिलापोटी ४ लाख १५ हजार बाकी आहेत. तारीख, सही, शिक्का. देणार की नाही, कधी देणार, काही लिहिलं नाही तरी चालेल, अगदी आत्ता देणार नाही असं लिहिलं तरी कबुली ती कबुलीच. ऑडिटला बाकीची खात्री हवी असते असं तुमच्या सीएमार्फत मागवलं तर लोक बऱ्याचदा सही करतात. ४ ऑक्टोबरच्या आधीच्या तारखेचा असा कागद मिळाला तर मी हे घाईचं सगळं मागे घेईन. चेक देतो म्हणाला तर घ्या, पण तारखेसकट पूर्ण भरलेला, आणि तो न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, तेव्हा बँकेचा कागद पाकिटात ठेवून विसरू नका.

सीएकडे जाताय तर २०२२-२३ चा २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, पण काढा. कंपनीने एक टक्का टीडीएस कापला असेल आणि तिथे रक्कम ६ लाख ४० हजार दिसत असेल, टीडीएस ६ हजार ४००, तर त्यांनी तुमचं पूर्ण बिल स्वतःच्या हिशोबात घेतलंय आणि "काम नीट झालं नव्हतं" हे मालकाचं आत्ताचं रडगाणं तिथेच पडतं. फक्त २ लाखांवर २ हजार दिसले तर वेगळं. तुम्ही तीन वर्षांत हे एकदाही उघडून बघितलं नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकी प्रश्न. आयोजक मंडळावर थेट दावा नको, तुमचा करार त्यांच्याशी नव्हता, साक्षीदार म्हणून ते कामाला येतील, विशेषतः गेटवरच्या ज्या कार्यकर्त्याने तुमच्या सामानाच्या चलनावर सही केली तो. ‘आयोजकाकडून पेमेंट आल्यावर’ या वर्क ऑर्डरमधल्या ओळीने मालक तुम्हाला घाबरवतोय, पण त्याला आयोजकाकडून पैसे आलेत की नाहीत हे त्याला कागदाने दाखवावं लागेल, आणि तुम्ही म्हणता मंडळाने तर कधीच दिलेत. त्या ओळीमुळे मुदत अजून सुरूच झाली नाही असाही युक्तिवाद करता येतो, पण तो शेवटचा, बुडताना धरायचा. उद्यमची (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी तुम्ही २०२४ ला केलीत, काम २०२२ चं. आधी नोंदणी नसेल तर ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा आणि चक्रवाढ व्याजाचा फायदा मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या केसमध्ये म्हटलं, पुढे त्यावर पुन्हा वाद झालेत, पण तुमचा वेळ त्या रस्त्यावर घालवू नका. यंदाच्या कामांना मात्र उद्यम नंबर बिलावर छापा. फसवणुकीची तक्रार पोलिस बहुतेक दिवाणी बाब म्हणून परत करतील. व्याज मागू, किती मिळेल ते कोर्ट ठरवेल.

प्रतिवादी कोण हे मात्र आजच बघा. बिलावर इव्हेंट कंपनीचं जे नाव आहे ते नुसतं दुकानाचं नाव असू शकतं, त्यांचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव निघतं, प्रोप्रायटर, म्हणजे एकटाच मालक, असेल तर दावा त्या माणसावर.

आणि दादा, तुम्ही वर्क ऑर्डरच्या फक्त पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. खाली ‘अटी मागील पानावर’ असं बारीक अक्षरात दिसतंय. मागच्या पानावर लवादाची (वाद कोर्टाऐवजी पंचाकडे न्यायची) अट असेल तर वर सांगितलेला मध्यस्थीचा आणि दाव्याचा सगळा मार्ग बदलतो, मग साध्या नोटिशीऐवजी लवाद सुरू करायची नोटीस काढावी लागेल आणि ती ४ ऑक्टोबरच्या आत समोरच्याला मिळालेली असायला हवी. तो कागद शोधा, दिवसाच्या उजेडात चारी कोपरे दिसतील असा मागच्या बाजूचा फोटो काढा आणि आज रात्रीपर्यंत मला पाठवा.