विम्यात ओपीडी नसताना मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेटचा दरमहाचा खर्च कसा भागवावा?

तुम्ही लिहिलंय की नार्कोलेप्सी (दिवसा न आवरणारी झोप) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं) दोन्ही निघालंय, नोकरी इंदुरातच आहे, कंपनीची ग्रुप पॉलिसी फक्त ॲडमिट झाल्यावर चालते आणि जागं ठेवणारी मोडाफिनिल आणि लक्ष टिकवणारी मिथाइलफेनिडेट या दोन गोळ्यांचा खर्च दर महिन्याला अंगावर येतो. इथवर मी वाचून पुढे गेले असते. पण शेवटी एक ओळ आहे, ‘स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यायचं म्हटलं तर एजंट म्हणतो झोपेचं काही लिहूच नका, चालेल का?’ त्या ओळीमुळे लिहायला बसले.

नाही चालणार. कसं नाही ते सांगते.

मी रामबागेत वाढले. शाळेत दुपारच्या तासाला बाईंचा खडू कपाळावर बसला की जाग यायची. घरात मला कुंभकर्णाची बहीण म्हणत. कोणी जोरात हसवलं की गुडघे लटके पडायचे. एकदा गौरीच्या जेवणाला मावशी काहीतरी बोलली, मी हसले आणि कढीचं पातेलं हातातून सुटलं. सगळ्यांना वाटलं धांदरट आहे. हसल्यावर अंगातली शक्ती जाते त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

त्याच्या आधी, २०१५ साली, आमच्या आतेभावाने पॉलिसी दिली. नाव लिहीत नाही, तोही हे वाचतो. रविवारी सकाळी आला, आमच्याकडचे पोहे खाल्ले, वर सेव अजून मागितली आणि डाव्या हाताने फॉर्मवर वरपासून खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत गेला. मी म्हटलं, अरे थांब, मागच्या वर्षी मी डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी कागदावर ‘दिवसा अति झोप’ लिहिलंय, थायरॉइड तपासायला सांगितलंय. तर म्हणाला, “ताई, झोप येणं हा काय आजार आहे? मग अर्धं इंदूर दुपारी आजारीच असतं. हे लिहिलंस तर फाइल वर जाईल, मेडिकल मागतील, प्रीमियम वाढेल. काही वर्षं गप्प बस, मग कोणी विचारत नाही.” मी सही केली. सही माझीच होती, हे मी कधी नाकारलेलं नाही.

२०१७ मध्ये पलासियाच्या सिग्नलला स्कूटीवर बसल्या बसल्या डोळा लागला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मला स्वप्न पडत होतं. नवऱ्याने ओढतच न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी स्लीप स्टडी सांगितली. रात्रभर डोक्याला तारा चिकटवून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस-वीस मिनिटांची डुलकी, अशा पाच वेळा. डुलकीला मला काहीच कष्ट नव्हते. मधल्या दीड तासात जागं राहणं, ते मात्र जिवावर आलं. तंत्रज्ञ मुलगी कोवळी होती, दर पाच मिनिटांनी येऊन “मैडम, सोना नहीं है अभी” म्हणायची. माझ्या केसांत ती पांढरी पेस्ट वाळून टाळू खेचत होती आणि मी खिडकीतून खाली उभ्या रिक्षा मोजत होते. पाचही वेळा पाच मिनिटांच्या आत झोपले, त्यातल्या तीन वेळा थेट स्वप्नाच्या झोपेत. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप आणि दोन वेळा तरी अशी स्वप्नाची झोप, एवढं निदानाला पुरतं. वीस वर्षांचा आळस एका कागदावर आकड्यांत लिहून मिळाला. मी त्या कॉरिडॉरमध्ये रडले, आणि ते दुःखाने नव्हतं.

बिल साडेअठरा हजार. क्लेम टाकला. सहा आठवड्यांनी पत्र आलं, त्यात दोन कारणं. पहिलं, ॲडमिशन केवळ तपासणीसाठी होतं, उपचारासाठी नव्हतं. दुसरं, डिस्चार्ज कार्डावर ‘वयाच्या पंधराव्या वर्षापासून लक्षणं’ असं लिहिलेलं आहे आणि २०१४ चा सल्ला फॉर्मवर लपवला आहे, सबब पॉलिसी रद्द. भरलेले हप्ते गेले. ते परवडलं असतं. पण त्यानंतर कुठल्याही कंपनीचा फॉर्म घ्या, त्यात एक प्रश्न असतोच की पूर्वी कधी तुमची पॉलिसी नाकारली किंवा रद्द झाली आहे का. तिथे मला आता जन्मभर ‘हो’ लिहायचं आहे.

आतेभावाचं म्हणणं काय, तर “ताई, डॉक्टरला शाळेपासूनचं कशाला सांगितलंस? दोन महिन्यांपासून आहे म्हणायचं.” हे तो आजही भाऊबीजेला ताटात पाचशे एक टाकता टाकता म्हणतो. म्हणून एकदाचं सगळ्यांसमोर लिहिते. अरे बाबा, नार्कोलेप्सी बहुतेकांना शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होते, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. मी ‘दोन महिने’ म्हटलं असतं तर त्यांनी थायरॉइड, डिप्रेशन, घरचा ताण या वाटेने वर्षभर फिरवलं असतं. आणि तुझं खोटं चाललं असतं तरी पहिलं कारण उरतंच. फक्त तपासणीसाठी ॲडमिट झाल्यास पैसे नाहीत, हा नियम आता ‘एक्सक्ल ०४’ या कोडने पॉलिसीत छापलेला असतो. म्हणजे जे लपवून तू माझी पॉलिसी घालवलीस, ते लपवूनही रुपया मिळणार नव्हता.

आता तुमच्याकडे वळते. एजंट तुम्हालाही ‘पाच वर्षं गप्प बसा’ म्हणाला असेल. ज्या काळानंतर कंपनी ‘लपवलं’ म्हणून क्लेम नाकारू शकत नाही, तो काळ एप्रिल २०२४ पासून आठ वर्षांवरून साठ महिन्यांवर आलाय, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर तो लागू होत नाही, हे एजंट सांगत नाहीत. त्याच वेळी आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळही, म्हणजे त्या आजारासाठी क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. तर खरं लिहा, तीन वर्षं थांबा. नाकारलं तर नाकारलं, रद्द होण्यापेक्षा बरं. आणि एक लक्षात घ्या, साधी पॉलिसी घेऊनही गोळ्यांचे पैसे मिळणारच नाहीत. ती ॲडमिट होण्यासाठी असते. आयुष्मान कार्डाचंही तेच, पाच लाख आहेत पण खाटेवर पडल्यावर. कोणीतरी तुम्हाला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ दाखवेल, की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमा संरक्षण द्यायला हवं. द्यायलाच हवं. पण ज्या पॉलिसीत शुगरच्या गोळ्यासुद्धा बसत नाहीत तिथे बरोबरी घेऊन काय करणार?

रोजच्या गोळ्या खरोखर देते ती एकच गोष्ट मी पाहिली, ईएसआय, म्हणजे कमी पगाराच्या नोकरदारांचा सरकारी विमा. २०१८ मध्ये सांवेर रोडच्या एका नमकीनच्या कारखान्यात हिशेबाला लागले, पगार २१,००० च्या आत, त्यामुळे कार्ड झालं. पगारातून आधी पावणेदोन टक्के आणि जुलै २०१९ पासून पाऊण टक्का कापला जायचा, मालक आधी पावणेपाच आणि मग सव्वातीन टक्के भरायचा. नंदानगरला ईएसआयच्या रुग्णालयात जायचं, रांग लावायची, डॉक्टरांचा कागद दाखवायचा आणि मोडाफिनिल घेऊन यायचं. कधी स्टॉकात नसली तर चार-आठ दिवसांनी, पण पैसे शून्य. लोक नाकं मुरडतात, मी मुरडत नाही.

मग जुलै २०२२ मध्ये मालकांनी खुश होऊन पगार २०,५०० वरून २१,८०० केला. पेढे वाटले मी. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मर्यादा ओलांडली तरी कार्ड लगेच जात नाही, ३० सप्टेंबरपर्यंत कपात चालू राहिली आणि तिच्या जोरावर उपचार पुढच्या जूनपर्यंत मिळाले. जुलै २०२३ पासून गोळ्या खिशातून, महिन्याला आठशेच्या आसपास. तेराशेच्या वाढीतले आठशे गोळीला, शिवाय मुलाची दाढ, नवऱ्याचा खोकला, सगळंच खिशातून. नवरा म्हणाला, वाढ परत करतेस का? मी खरंच विचार केला होता. तुमचा पगार काठावर असेल तर एचआरला नीट विचारा, कारण ओव्हरटाइम त्या २१,००० च्या मर्यादेत धरत नाहीत. अनेक हिशेबनीसांना हेही माहीत नसतं, आणि हे मी हिशेबनीस म्हणून सांगते.

खिशातूनच द्यायचे असतील तर मी जे करते ते सांगते. डॉक्टरांना सांगून कागदावर कंपनीचं नाव नाही, सॉल्टचं, म्हणजे मूळ औषधाचं, नाव लिहून घेतलं. मोडाफिनिल मोडालर्ट म्हणून येते, मोडविजिल म्हणून येते, आणखीही नावांनी येते, आणि स्ट्रिपच्या किमतीत चांगलाच फरक असतो. ‘फार्मा सही दाम’ ॲपवर भाव बघते, ‘जनऔषधी सुगम’वर जवळचं केंद्र आणि औषध आहे का ते बघते. तीन महिन्यांचं एकदम घ्यायचं असलं की आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात जाते. गल्लीतल्या मेडिकलवाल्याने न दिलेली सूट तिथे सहज मिळते, फक्त पक्कं बिल मागा आणि तारीख बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा स्ट्रिपवर जुनी छापील किंमत दाखवून कोणी तेवढेच घेत असेल तर घासाघीस करा. माझ्या डॉक्टरांनी दोनशे मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून दिवसाला शंभर चालेल का ते दोन महिने बघितलं, मला चाललं नाही. काहींना चालतं. विचारून करा.

मिथाइलफेनिडेटची गोष्ट वेगळी. ती मी घेत नाही, माझा भाचा घेतो, म्हणून माहीत आहे. ती गोळी फार महाग नाही. महाग पडतं ते तिच्यामागे फिरणं. शेड्यूल एक्सचं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध, दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, कागदाच्या दोन प्रती लागतात आणि त्यातली एक तो दोन वर्षं जपून ठेवतो. हा व्याप किती जण करणार? मोजकीच दुकानं ठेवतात. भाच्याला एकदा तीन दुकानांनी परत पाठवलं, चौथा म्हणाला, “पर्चा एक ही है, दूसरी कॉपी लाओ।” फोनवर डॉक्टर गाठून घेऊ म्हणाल तर तेही नाही, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत शेड्यूल एक्सची औषधं व्हिडिओवर लिहून द्यायला बंदी आहे. म्हणजे दर वेळी समोर जायचं आणि खासगी मानसोपचारतज्ज्ञाची फी. भाच्याचा फीचा आकडा गोळ्यांच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. निदान पक्कं झालं असेल तर पुढचं दाखवणं एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात करता येतं का बघा. सकाळ जाते, पण फी वाचते. डॉक्टरांना ॲटोमॉक्सेटिनबद्दलही विचारा. तिला दोन प्रतींची भानगड नाही, पण ती वेगळ्या तऱ्हेने काम करते, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. भाच्याला लागू पडली नाही.

ग्रुप पॉलिसीबद्दल एकच सांगते. एचआरला ‘ओपीडी आहे का’ असं तोंडी विचारू नका, ‘नाही’ म्हणतील. ईमेल करा की नूतनीकरणाच्या वेळी ओपीडी जोडायला माणशी किती पडेल. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, त्यामुळे तिथे तुमची झोप लपवायची गरज नसते. ही नोकरी सोडताना याचा विचार करा.

ता. क. मी डॉक्टर नाही. अर्ध्या गोळीचं वर लिहिलं ते साध्या मोडाफिनिलबद्दल आहे. मिथाइलफेनिडेटची हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती कधीही तोडायची नाही. दोघांचं मिळून एका कागदावर घेऊन वाटून खाणं वगैरे सल्ले देणारे भेटतील, ऐकू नका. मोडाफिनिल सुरू असताना अंगावर पुरळ उठलं तर थांबवून लगेच दाखवा. आणि घरात कोणी बाई ही गोळी घेत असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा असर हिच्यामुळे कमी होतो, मोडाफिनिल बंद केल्यावरही महिनाभर. हे मला डॉक्टरांनी नाही, दवा बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने खाली मान घालून सांगितलं होतं.