‘मला’चं इंग्रजी कसं करायचं? पाच महिन्यांत पायाभूत व्याकरण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच महिन्यांनी परदेशी जायचंय, शाळेत इंग्रजी झालंय, वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, पण बोलायला गेलं की वाक्य जुळत नाही. व्याकरण कुठून सुरू करू, रोज किती वेळ देऊ, क्लास लावू का?

क्लासचं शेवटी सांगते. आधी तो बारा काळांचा तक्ता मिटून ठेवा. सुरुवातीच्या दिवसांत बोलताना चार रूपांवर भागतं: साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूतकाळ आणि भविष्यासाठी ‘गोइंग टू’ किंवा ‘विल’. पाचवा लागतो तो ‘हॅव’वाला पूर्ण वर्तमान, कारण ‘किती दिवसांपासून?’ हे डॉक्टरही विचारतो आणि घरमालकही. बाकीचे सात ऐकून आपोआप ओळखीचे होतात.

तुमचं घोडं काळांपाशी अडलेलं नाही. डोक्यात मराठी वाक्य तयार असतं आणि आपण त्याच्यावर एकेक इंग्रजी शब्द चिकटवत जातो. म्हणून दोन भाषांचे सांधे जिथे बसत नाहीत, तिथेच सराव करायचा. असे सांधे फार नाहीत, पण रोज लागतात.

सगळ्यात मोठा सांधा ‘मला’चा. मला भूक लागलीय, मला ताप आहे, मला आवडतं, मला दोन मुलं आहेत. मराठीत सगळ्यांना एकच ‘मला’ पुरतो. इंग्रजीत त्याचा ‘आय’ होतो, आणि पुढे तीन वाटा फुटतात. वहीत तीन रकाने आखा. पहिला ‘ॲम’चा: हंग्री, थर्स्टी, कोल्ड, टायर्ड, स्लीपी, लेट, अफ्रेड, बोअर्ड. (‘आय ॲम बोअरिंग’ म्हणाल तर ‘मी कंटाळवाणी आहे’ असा अर्थ होतो, तेवढं जपा.) दुसरा ‘हॅव’चा: अ फीव्हर, अ हेडेक, अ कफ, टू चिल्ड्रेन, अ क्वेश्चन, ॲन अपॉइंटमेंट, टाइम. तिसऱ्यात नुसतं क्रियापद: लाइक, नीड, वॉन्ट, थिंक, नो, अंडरस्टँड, रिमेंबर. दिवसभरात तोंडून निघणारी ‘मला’ची वाक्यं पकडायची आणि योग्य रकान्यात टाकायची. तीसेक वाक्यं झाली की नव्या वाक्याचा रकाना न आठवता कळायला लागतो.

तिसऱ्या रकान्यात हमखास घसरायला होतं. ‘मला माहीत आहे’ मधला ‘आहे’ पाठ सोडत नाही, मग ‘आय ॲम नो’ किंवा ‘आय ॲम नोइंग’ होतं. नो, लाइक, नीड, वॉन्ट, अंडरस्टँड यांच्याआधी ‘ॲम’ लावायचाच नाही आणि पुढे ‘इंग’ही नाही. ‘हॅव’चं थोडं वेगळं आहे. मालकी असेल तर ‘आय हॅव अ कार’, पण जेवण चालू असेल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर. आणि ‘मला जायचंय’ म्हणताना आधी स्वतःला विचारा, इच्छा की गरज? इच्छा असेल तर ‘आय वॉन्ट टू गो’, जावंच लागणार असेल तर ‘आय हॅव टू गो’. मराठीत हे आपण नुसत्या सुरावर निभावतो.

दुसरा सांधा कर्त्याचा. मराठीत ‘येतेय’ एवढं म्हटलं तरी कोण ते कळतं, क्रियापदच सांगतं. इंग्रजी क्रियापद मुकं असतं, म्हणून कर्ता बोलावाच लागतो. जिथे कर्ताच नाही तिथेही ‘इट’ उभा करतात: ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज लेट’, ‘इट इज फाइव्ह ओक्लॉक’, ‘इट इज हॉट’. आणि बस ‘ती’ असली, ट्रक ‘तो’ असला, तरी वस्तूला इंग्रजीत ‘इट’च.

आता प्रश्न. याला सगळ्यात जास्त आठवडे द्या, कारण नव्या देशात आपण सांगतो कमी आणि विचारतो जास्त. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की काम झालं. इंग्रजीत मदतनीस क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी ठेवावं लागतं. ॲम, इज, आर, कॅन, विल असले तर नुसती जागा बदलते: ‘शी इज हिअर’ चं ‘इज शी हिअर?’ असा मदतनीस नसला तर तो भाड्याने आणायचा: डू, डझ, डिड. आणि हा भाडोत्री आला की काळ आणि ‘एस’ दोन्ही तोच घेतो, मूळ क्रियापद उघडंच राहतं. वाक्यात ‘एस’ एकच असतो. तो डझने घेतला की वर्कसाठी उरत नाही. म्हणून ‘डझ शी वर्क?’, ‘डझ शी वर्क्स?’ नव्हे. तसंच ‘डिड यू गो?’, ‘डिड यू वेंट?’ नव्हे. नकाराला हाच नियम: ‘शी डझन्ट वर्क’, ‘आय डिडन्ट गो’.

नियम एवढाच आहे. पण कळणं वेगळं आणि तोंडात बसणं वेगळं. त्यासाठी दहा क्रियापदं घ्या: गो, कम, हॅव, नो, पे, वर्क, लिव्ह, नीड, वॉन्ट, स्टार्ट. प्रत्येक सहा साच्यांतून मोठ्याने काढा: ‘आय वर्क. शी वर्क्स. आय डोन्ट वर्क. डझ शी वर्क? आय वर्क्ड. डिड यू वर्क?’ साठ वाक्यं होतात, सवय झाली की पाच-सहा मिनिटं लागतात. पहिल्या पाचांचा भूतकाळ पाठ करावा लागेल: वेंट, केम, हॅड, न्यू, पेड. उरलेल्या पाचांना ‘ईडी’ लागतो, पण उच्चार सारखा नसतो. ज्यांचा शेवट ‘ट’ किंवा ‘ड’च्या आवाजाने होतो त्यांनाच वेगळा ‘इड’ ऐकू येतो: नीडिड, वॉन्टिड, स्टार्टिड. ‘वर्क्ड’ ऐकायला ‘वर्क्ट’ येतं, ‘वर्किड’ म्हणू नका. दर दोन दिवसांनी दोन जुनी क्रियापदं काढून दोन नवी घाला. आठवडाभर तीच दहा ठेवली तर कविता पाठ होते, साचा नाही.

प्रश्नांची जोडणी पक्की झाली की एक उलट गोष्ट शिकायची. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की शब्द पुन्हा साध्या क्रमात येतात. ‘व्हेअर इज द स्टेशन?’ पण ‘कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’ इथे भलेभले अडखळतात, तरी समोरच्याला समजतं, म्हणून हे शेवटच्या महिन्यात आलं तरी चालेल.

पण हो-नाहीची चूक आत्ताच दुरुस्त करा, कारण ती समोरच्याला समजत नाही, उलटंच समजतं. मराठीत ‘तुम्हाला कसली ॲलर्जी नाही ना?’ याला आपण ‘हो’ म्हणतो, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर, नाही. इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जीज?’ ला ‘यस’ म्हटलंत तर डॉक्टर ॲलर्जी आहे असं समजू शकतो. इंग्रजीत विचारणाऱ्याशी सहमत व्हायचं नसतं, वस्तुस्थिती सांगायची असते. नसेल तर ‘नो’, असेल तर ‘यस’, प्रश्न कसाही विचारलेला असो. आणि एकटा ‘यस’ किंवा ‘नो’ सोडू नका, शेपटी जोडा: ‘नो, आय डोन्ट’, ‘यस, आय डू’. शेपटी जोडायची सवय लागली की चूक जीभेवर येण्याआधीच पकडली जाते. याच कुळातलं ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’: बसायला हरकत नसेल तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’.

आदराचंही व्याकरण असतं. मराठीत ‘पाणी द्या’ मधला ‘द्या’ सगळा मान सांभाळतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण तिघांना एकच ‘यू’, आणि ‘गिव्ह मी वॉटर’ हे हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं. ‘प्लीज’ लावून थोडंच सुधारतं. मान द्यायचा तर वाक्यच प्रश्नाचं करावं लागतं: ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’, ‘कुड यू हेल्प मी?’ स्वतःची मागणी सांगायची तर ‘आय वॉन्ट’ऐवजी ‘आय वुड लाइक’. कुड, कॅन, वुड, विल, मस्ट यांच्यापुढे ‘टू’ येत नाही आणि ‘एस’ही लागत नाही.

आता ‘पासून’. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ दोन्हीकडे आपण ‘पासून’ म्हणतो, त्यामुळे दोन्हीकडे ‘सिन्स’ लागतो अशी समजूत होते. घड्याळात किंवा कॅलेंडरात बोट ठेवून दाखवता येईल असा क्षण असेल तर ‘सिन्स’, मोजून सांगायचा अवधी असेल तर ‘फॉर’. ‘आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स मंडे’, ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’. दोन्हीकडे ‘हॅव हॅड’, कारण ताप अजून आहे. ‘आय ॲम हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज’ मध्ये एका वाक्यात तीन चुका बसल्यात. आणि ‘मी काल गेले होते’ चं ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ करू नका. काल, गेल्या आठवड्यात, 2019 मध्ये अशी वेळ सांगितली की साधा भूतकाळ: ‘आय वेंट यस्टरडे’.

अ, ॲन आणि द यांच्यापायी झोप उडवून घेऊ नका. एकवचनी, मोजता येणारं नाम उघडं सोडायचं नाही, एवढं सांभाळा. ‘आय नीड अपॉइंटमेंट’ नाही, ‘आय नीड ॲन अपॉइंटमेंट’. पहिल्यांदा उल्लेख आला तर अ किंवा ॲन, बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही कुठली वस्तू ते कळलं की द. ‘ॲन’ स्पेलिंगवर नाही, आवाजावर ठरतो: ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, होमवर्क यांना अ लागत नाही आणि अनेकवचनाचा ‘एस’ही नाही. बाकी चुकलं तर चुकू द्या, त्याने काम अडत नाही.

वेळेचं मात्र अडतं. घड्याळाला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. साडेतीन म्हणजे ‘हाफ पास्ट थ्री’, पावणेतीन म्हणजे ‘क्वार्टर टू थ्री’. घाईत पावणेचं ‘क्वार्टर पास्ट’ झालं की अर्ध्या तासाचा घोळ. दीड तास ‘वन अँड अ हाफ अवर्स’, अनेकवचनात. एक लाख म्हणजे ‘वन हंड्रेड थाउजंड’. परवाला एक शब्द नाही, मागचा असेल तर ‘द डे बिफोर यस्टरडे’, पुढचा असेल तर ‘द डे आफ्टर टुमॉरो’. थर्टीन आणि थर्टी फोनवर सारखे वाटतात: थर्टीनमध्ये जोर शेवटी, थर्टीमध्ये सुरुवातीला. शंका आली तर ‘वन थ्री की थ्री झिरो’ असं सुटं विचारून घ्यावं: ‘वन थ्री ऑर थ्री झिरो?’

रोज अर्धा तास द्या, रविवारी तीन तास नको. पहिली सहा मिनिटं ती साठ वाक्यं, मोठ्याने. मनातल्या मनात केली तर सराव डोळ्यांचा होतो, जिभेचा नाही. पुढची आठ मिनिटं हाताने पाच वाक्यं लिहा, आजच्या दिवसाबद्दल, शब्दकोश न उघडता. फोनवर लिहिलंत तर आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, नाहीतर चूक दिसणारच नाही. मग बारा मिनिटं श्रुतलेखन: मजकूर सोबत असलेला तीस सेकंदांचा ऑडिओ तीनदा ऐका, ऐकू आलं ते लिहा, मग ताडून बघा. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश संकेतस्थळावर पातळीनुसार फुकट साहित्य मिळतं, तुम्ही ए1 किंवा ए2 (सगळ्यात सोप्या दोन पातळ्या) पासून सुरुवात करा. तुमचे सुटलेले शब्द बघाल तर बहुतेक अ, द, इज, डू, टू आणि शेवटचा ‘एस’ असतील. बोलणारे हे शब्द दाबून, पुसट उच्चारतात, म्हणून ते कानात शिरत नाहीत आणि मग तोंडातूनही येत नाहीत. वाक्यातल्या व्याकरणाचा मोठा भाग याच शब्दांत असतो, तेव्हा श्रुतलेखन टाळू नका. उरलेली चार मिनिटं न थांबता फोनवर बोलणं रेकॉर्ड करायचं. बोलताना दुरुस्ती नाही, ऐकताना करायची, आणि तीही एकाच प्रकारच्या चुकीची. या आठवड्यात डू आणि डझ, तर बाकीकडे काणाडोळा. लिहिलेली पाच वाक्यं चॅटबॉटकडून तपासून घेत असाल तर त्यालाही तेवढंच सांगा, नाहीतर तो सगळंच गुळगुळीत करून देतो आणि तुमची चूक कुठे होती ते हरवतं.

वीस आठवडे असे वाटा: ‘मला’ आणि कर्ता चार, प्रश्न-नकार आणि हो-नाही सहा, भूतकाळ तीन, सिन्स-फॉर तीन, उरलेले चार विनंती आणि पोटातले प्रश्न. व्हिसासाठी परीक्षा लागत असेल तर कुठली चालते ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आधी बघा. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं धरतात आणि तिचे ॲकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार आहेत, चुकीचा दिला तर फी वाया.

क्लास लावायचा तर आधी एक तास बसून बघा आणि घड्याळ लावून मोजा, त्यात प्रत्येक विद्यार्थी किती मिनिटं बोलतो. दहा मिनिटांच्या आत असेल आणि बाकी वेळ फळ्यावरचे नियम उतरवण्यात जात असेल, तर ते तुम्हाला शाळेत झालेलंच आहे. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा तास तुमच्याशी फक्त इंग्रजीत बोलणारी आणि ‘डझ’च्या नंतरचा ‘एस’ ऐकला की टोकणारी एक मैत्रीण शोधा.