आठ वॅट कोणाला पुरतात?

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर एक चांगला ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प घ्यायचा म्हणून पैसे बाजूला ठेवले आहेत. तीन पर्याय आहेत. एक ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड (ध्वनीची पूर्ण लाट एकच व्हॉल्व्ह सांभाळतो), चॅनेलला ८ वॅट. दुसरा मॅकिन्टॉशचा एमसी२७५, ७५ वॅट. तिसरा ईएल३४ व्हॉल्व्हचा पुश-पुल (लाटेचं काम दोन व्हॉल्व्ह वाटून घेतात), ३५ वॅट, आणि दोघांपेक्षा बराच स्वस्त. बंगळुरूला मित्राकडे ३००बी ऐकला तेव्हा गाणारी बाई समोर बसल्यासारखी वाटली. माझे स्पीकर शेल्फवर मावणारे आहेत. कागदावर ८६ डेसिबल आणि ८ ओम लिहिलंय, पण आलेखात इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) ४ पासून २० ओमपर्यंत जातो. खोली बारा बाय सोळा फूट. ऐकणं बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत. कोणता घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्राकडचे स्पीकर कोणते होते ते तुम्ही कळवलं नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. ते हॉर्नचे, म्हणजे कर्ण्याच्या आकाराचे असणार, किंवा निदान ९५ डेसिबलच्या वरचे, म्हणजे थोड्या वॅटवर मोठा आवाज देणारे. ३००बी हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८चा व्हॉल्व्ह. तो आणि त्याच्या आधीचा ३००ए सिनेमागृहांच्या अ‍ॅम्पमध्ये असत. तेवढ्याशा ताकदीवर थिएटर भरायचं, कारण पडद्यामागे मोठाले हॉर्न असत.

तुमच्या घरचा हिशेब मांडू. तुमचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. ८ वॅट म्हणजे त्यावर ९ डेसिबल, झाले ९५. तीन मीटरवरच्या तुमच्या खुर्चीपर्यंत, दोन्ही स्पीकर आणि भिंतींची मदत धरून, नव्वदीच्या आसपास उरतील. आलाप ७५ डेसिबलला छान ऐकू येतो, त्याला हे भरपूर झालं. पण तबल्याची थाप सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उसळते. द्रुत सुरू झाली, तुम्ही रंगात येऊन आवाज थोडा वाढवला, की अ‍ॅम्पचा श्वास संपला. थापेचा माथा कापला जातो आणि तबला पुठ्ठ्याचा वाटू लागतो. ८ वॅट आणि ७५ वॅट यांच्यात जेमतेम १० डेसिबलचा फरक आहे. म्हणजे ८६ डेसिबलच्या स्पीकरला ७५ वॅट देणं आणि ९६ डेसिबलच्या स्पीकरला ८ वॅट देणं हे जवळपास एकच. म्हणून मी प्रत्येकाला आधी स्पीकर विचारते, अ‍ॅम्प नंतर.

दुसरी गोष्ट ४ ते २० ओमची, आणि ती वॅटपेक्षाही महत्त्वाची आहे. फीडबॅक (बाहेर पडलेल्या सिग्नलचा थोडा भाग आत परत नेऊन चूक सुधारणं) नसलेल्या ३००बी अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स अडीच ओमच्या घरात असतो. स्पीकर जिथे ४ ओमचा होतो तिथे आवाज दबतो, जिथे २० ओमचा होतो तिथे फुगतो, आणि या दोन टोकांत ३ डेसिबलचा फरक पडतो. फीडबॅक असलेल्या पुश-पुलचा इम्पीडन्स अर्धा ओम धरला, तर तोच फरक १ डेसिबलच्या आत राहतो. छोट्या स्पीकरमध्ये खालचा फुगवटा बहुधा डग्ग्याच्या पट्ट्यात येतो. घुमारा सैल पडतो, बोल उठावदार राहत नाहीत. अशा जोडीला लोक कौतुकाने ‘ऊबदार आवाज’ म्हणतात. मला ते कौतुक पटत नाही. ज्यानं वाजवलंय त्याच्यावर तो अन्याय आहे.

मग गळा इतका जिवंत का वाटला? सिंगल-एंडेडमध्ये जी विकृती येते ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येच्या स्वराची. षड्ज लावला तर त्यात तार षड्जाची किंचित भर पडते. पुश-पुलमध्ये सम हार्मोनिक एकमेकांना कापतात आणि उरतो तो तिसरा, म्हणजे तार सप्तकातला पंचम. हे दोन्ही स्वर तानपुऱ्यात आधीच आहेत, म्हणून एकटा गळा आणि तानपुरा असला की कानाला काही खटकत नाही, उलट भरल्यासारखं वाटतं. पण हार्मोनियम, सारंगी आणि तबला एकत्र आले की स्वर एकमेकांत मिसळून जे नवे सूर तयार होतात ते कुठल्याच रागात बसत नाहीत. त्या वेळी अ‍ॅम्पकडे ताकद शिल्लक असावी लागते. नाट्यसंगीतात ऑर्गन असतो, हे विसरू नका.

माझा व्यवसाय ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचा, त्यामुळे अ‍ॅम्प समोर आला की मी व्हॉल्व्हच्या आधी त्याचं लोखंड बघते. सिंगल-एंडेडच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून (व्हॉल्व्हची वीज स्पीकरजोगी करणाऱ्या) ६०-८० मिलिअँपिअर डीसी सतत वाहत असतो. लोखंडी गाभा त्याच्या चुंबकत्वाने भरून जाऊ नये म्हणून त्यात फट ठेवावी लागते. फट ठेवली की इंडक्टन्स (बदलत्या विजेला वेढ्यांचा होणारा विरोध) घटतो, इंडक्टन्स घटला की खर्ज जातो. खर्ज परत हवा तर गाभा मोठा घ्या, वेढे वाढवा. वेढे वाढले की वरच्या पट्टीतली झिलई जाते. या ओढाताणीतून जो वाट काढतो त्याचे पैसे द्यावेत. ८ वॅटच्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा असेल तर व्हॉल्व्ह कितीही नामांकित असो, मी तो घेणार नाही.

एमसी२७५ मला मनापासून आवडतो, तोही त्याच्या वाइंडिंगसाठी. हा अ‍ॅम्प १९६१चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा, चार केटी८८ व्हॉल्व्हचा. त्यात प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्याच्या) दोन तारा शेजारी-शेजारी धरून एकत्र गुंडाळतात. एक व्हॉल्व्हच्या प्लेट या टोकाच्या सर्किटला, दुसरी कॅथोड या टोकाच्या. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे काम जाताना जो खाचखळगा पडतो तो या घट्ट जोडीमुळे जवळजवळ दिसतच नाही. पण या शेजारच्या तारांमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट डीसीचा फरक असतो, आणि मध्ये काय, तर तारेवरचं वार्निश. गुंडाळताना तारेला एक ओरखडा गेला तर सगळं काम वाया. साठ वर्षांपूर्वी हे कारखान्यात रोज होत होतं, याचा मला आजही अचंबा वाटतो.

ईएल३४च्या पर्यायाला तुम्ही स्वस्त म्हणून शेवटी टाकलंत, ते बरोबर नाही. या जातीचे बरेच अ‍ॅम्प हॅफलर आणि केरोस यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या, विकृती कमी करणाऱ्या अल्ट्रालिनियर जोडणीवर चालतात. हॅफलरच्याच डायनाको कंपनीचा स्टिरिओ ७० हा १९५९चा अ‍ॅम्प, तोही ३५ वॅटचा आणि ईएल३४चाच. अमेरिकेत तो लोकांनी किट आणून घरच्या टेबलावर जोडला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर तुमच्या खोलीला, तुमच्या स्पीकरला ३५ वॅट पुरतात. व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली की केटी८८पेक्षा खर्चही कमी.

तेव्हा हेच स्पीकर ठेवायचे असतील तर ईएल३४ घ्या. पैसे खरंच मोकळे असतील आणि पुढे स्पीकर बदलायची शक्यता असेल तर एमसी२७५. ३००बीनेच वेड लावलं असेल (मला तुमचं मन कळतं, मीही ख्यालासाठी तोच लावते) तर आधी ९५ डेसिबलच्या वरचे आणि इम्पीडन्स फारसा न हलणारे स्पीकर शोधा. मात्र मग गाणं न लावता कान स्पीकरपाशी नेऊन बघा. ३००बीची तार थेट तापते, त्यामुळे हमचा (सततच्या गुणगुणीचा) त्रास अशा स्पीकरवर चटकन ऐकू येतो.

कोणताही अ‍ॅम्प दुकानात ऐकून ठरवू नका. स्वतःचे स्पीकर घेऊन जा, किंवा अ‍ॅम्प दोन दिवस घरी मागा. आधी नुसता तानपुरा लावा आणि जवारी विझत जाताना किती लांबपर्यंत ऐकू येते ते बघा. मग डग्ग्याची मींड असलेलं काहीतरी लावा.

प्रश्न : माझी बहीण अमेरिकेतून तिच्याकडचा जुना ट्यूब अ‍ॅम्प आणते आहे. तो १२० व्होल्टचा आहे. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : व्होल्टेजचं झालं, फ्रिक्वेन्सीचं नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. फक्त ६०साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात इथे २० टक्के जास्त चुंबकत्व भरतं. तो गुणगुणतो, तापतो, आणि तुमच्या उन्हाळ्यात जळूही शकतो. बहिणीला मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. ५०/६० लिहिलेलं असेल तर निर्धास्त आणा. नुसतं ६० असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून घ्या. जुना जपून ठेवा.

रात्री उशिरा घरचं व्होल्टेज मोजा. कित्येक भागांत ते २५० पर्यंत चढतं. म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ६.८ मिळतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. सर्व्हो स्टॅबिलायझर लावा. रिलेचा खटाखट उड्या मारतो. आणि स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवूच नका.

प्रश्न : आजोबांच्या सामानात बीईएलचे ईएल८४ व्हॉल्व्ह निघाले, खोके तसेच आहेत. काही उपयोग?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि चांगला आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल८४ दणकट असत. टेस्टरवर तपासून जवळच्या आकड्यांच्या जोड्या लावा. काचेवरची छपाई बोटाने पुसली जाते, तेव्हा कडेने धरा. व्हॉल्व्हचा वरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो बाजूला काढा. हे व्हॉल्व्ह आजोबांच्या रेडिओत बसवून बघायचा मोह होईल. त्याआधी रेडिओतले जुने कागदी कपॅसिटर बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी नवा व्हॉल्व्ह लाल होईल. आणि ते काम जाणकाराकडून करून घ्या, कारण प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर बराच वेळ जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज धरून असतात.